अक्षर आहे, आवाज गेला: पलुलाची गोष्ट

या भागाची सुरुवात माझ्या भाच्याच्या प्रश्नाने. शुद्धलेखनाचा गृहपाठ करताना त्याने विचारलं, "मामा, 'श' आणि 'ष' बोलताना सारखेच, मग अक्षरं दोन कशाला?" मी बीटेक झालेला माणूस, पण गप्प बसलो. मग शोधत शोधत थेट पोचलो पाकिस्तानातल्या चित्रालमध्ये.

तिथे लोवारी खिंडीच्या उत्तरेला अशरेत आणि बियोरी या दोन खोऱ्यांत पलुला बोलतात. बोलणारे साधारण 10,000. भाषा शिना गटातली, इंडो-आर्यन, म्हणजे मराठीची लांबची बहीणच. यांचे पूर्वज सिंधू नदीकाठच्या चिलासकडून इथे आले. अगदी जवळची दुसरी बोली अफगाणिस्तानात, कुनारमधल्या साऊ गावात आहे.

आता गंमत बघा. पलुलामध्ये स, श, ष हे तिन्ही आवाज आजही वेगळे उच्चारले जातात. आपल्याकडे 'ष' अक्षर आहे, बोलण्यातून आवाज गेला. त्यांच्याकडे आवाज होता, पण लिहायला अक्षरच नव्हतं! उर्दू लिपीत जास्तीची अक्षरं घातल्याशिवाय ही भाषा नीट लिहिताच येत नव्हती.

नॉर्वेच्या मॉर्गनस्टिएर्न यांनी 1941 मध्ये पलुलावर टिपणं छापली. पुढे स्वीडनच्या हेन्रिक लिल्येग्रेन यांनी तिचं सविस्तर व्याकरण लिहिलं, ते 2016 मध्ये आलं आणि नेटवर फुकट वाचता येतं. पण माझ्या मते खरं काम गावकऱ्यांचं. 2004 मध्ये त्यांनी 'अंजुमन-ए-तरक्की-ए-पलुला' काढली. 2006 मध्ये पेशावरच्या एका भाषासंस्थेबरोबर मुळाक्षरांचं आणि गोष्टींचं अशी दोन पुस्तकं छापली. 2008 मध्ये अशरेतमध्ये मुलांची पहिली तुकडी स्वतःच्या भाषेत लिहा-वाचायला बसली.

हे वेळेत झालं का? अशरेत आणि बियोरीत भाषा ठणठणीत आहे. पण छोट्या वस्त्यांतली बरीच घरं चित्रालच्या मोठ्या भाषेकडे, खोवारकडे, वळली. कुणी बंदी घातली नव्हती. बाजारात, लग्नात, शेजारी खोवारच चालते, मग मुलांशीही तीच बोलायची, इतकं साधं कारण.

इथे मला माझी आजी आठवली. आम्ही धुळ्याचे. आजी अहिराणी बोलायची, आई आजीशी अहिराणी आणि आमच्याशी मराठी. मला सगळं समजतं, बोलता येत नाही. भाच्याला तर समजतही नाही. आमच्याही घरी कुणी बंदी घातली नव्हती. आम्हाला तर नवी अक्षरंसुद्धा बनवायची नव्हती, देवनागरी हाताशी होतीच.

मागच्या रविवारी आईसमोर फोन ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि म्हटलं, आजीची एखादी गोष्ट सांग, अहिराणीत. आधी लाजली. मग चाळीस मिनिटं थांबली नाही.

तुमच्या घरात अशी बोली असेल तर हा भाग संपला की तेवढं करा. भेटू पुढच्या भागात.