स्वतंत्र पायक्यूजीआयएस स्क्रिप्टसाठी कोड एडिटरची जुळणी

क्यूजीआयएस हे नकाशांचे मुक्त सॉफ्टवेअर न उघडता, त्याच्या लायब्ऱ्या थेट वापरून काम करणाऱ्या पायथन आज्ञावलीला स्वतंत्र पायक्यूजीआयएस स्क्रिप्ट म्हणतात. ती लिहिता, तपासता आणि चालवता यावी म्हणून व्हीएस कोड, पायचार्म यांसारख्या कोड एडिटरला तीन गोष्टी दाखवून द्याव्या लागतात : क्यूजीआयएस ज्यावर चालते तो पायथन, त्याच्या लायब्ऱ्यांचे फोल्डर आणि त्याला लागणारे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. या नोंदीत त्या कामाला जुळणी म्हटले आहे.

क्यूजीआयएसच्या आत पायथन कन्सोल असतो आणि त्याला लागून एक साधा एडिटरही असतो. उघड्या नकाशावर काही करून पाहायचे तर तो पुरतो. पण महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांचे ३६ नकाशे एका साच्यात पीडीएफ करायचे असतील, रोज रात्री ठरल्या वेळी नवी माहिती लेयरमध्ये भरायची असेल किंवा पडदाच नसलेल्या सर्व्हरवर काम चालवायचे असेल, तर स्क्रिप्ट बाहेरच चालली पाहिजे. कन्सोलमध्ये ‘आयफेस’ नावाचा दुवा आयता मिळतो आणि त्यातून उघडी खिडकी, निवडलेला लेयर, नकाशाचा फलक हाताशी येतात. स्वतंत्र स्क्रिप्टमध्ये खिडकी नाही, त्यामुळे आयफेसही नाही. कन्सोलमधून उचलून आणलेला कोड बाहेर आल्यावर बहुधा इथेच अडतो.

पूर्वपीठिका : गॅरी शर्मन यांनी अलास्कात २००२ साली हे सॉफ्टवेअर सुरू केले. ते सी प्लस प्लस भाषेत आणि क्यूटी या चौकटीवर लिहिलेले आहे. ०.९ या आवृत्तीत पायथनचा आधार आला. सी प्लस प्लसमधले वर्ग पायथनमधून वापरता यावेत म्हणून ‘सिप’ या साधनाने दुवे तयार केले जातात; त्या दुव्यांच्या संचाला पायक्यूजीआयएस म्हणतात. २०१८ साली आलेल्या ३.० आवृत्तीने पायथन ३ आणि क्यूटी ५ स्वीकारले, आणि पायथन २ मधल्या जुन्या स्क्रिप्ट एकगठ्ठा दुरुस्त कराव्या लागल्या. व्हीएस कोड मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१५ मध्ये जाहीर केले. त्याआधी आलेला पायचार्म खास पायथनसाठी बांधलेला आहे. दोन्ही एडिटर या कामाला सारखेच चांगले. हाताला सवय असेल तो घ्यावा.

जुळणीतल्या बहुतेक अडचणींचे मूळ पायक्यूजीआयएसच्या दुव्यांच्या बांधणीत आहे. पायक्यूजीआयएस हा नुसत्या पायथन फायलींचा संच नाही. त्याच्या पोटात यंत्रभाषेत बांधलेली मॉड्यूल आहेत आणि ती पायथनच्या ज्या आवृत्तीसाठी बांधली त्याच आवृत्तीत चालतात. त्यांच्यामागे क्यूटी, जीडाल, प्रोज अशा लायब्ऱ्यांची रांग असते. पायथनची बाकी पॅकेजे ‘पिप’ने बसवण्याची सवय झालेला माणूस क्यूजीआयएसही तसेच बसवायला जातो आणि फसतो. सरळ वाट उलटी आहे : क्यूजीआयएसला आपल्या पायथनमध्ये ओढून आणू नये, एडिटरलाच क्यूजीआयएसच्या पायथनपाशी न्यावे.

विंडोजवरील जुळणी : विंडोजवर क्यूजीआयएस स्वतःचा पायथन बरोबर घेऊन येते. ओएसजीओ४डब्ल्यू या संचातून ते बसवले असेल तर त्याच नावाच्या फोल्डरात ‘बिन’ आणि ‘ॲप्स’ हे उपफोल्डर दिसतात. ‘बिन’मध्ये ‘पायथन-क्यूजीआयएस’ नावाची एक छोटी बॅच फाईल असते. दीर्घकालीन आधाराची आवृत्ती असेल तर नावाच्या शेवटी ‘एलटीआर’ लागते. ही फाईल नोटपॅडमध्ये उघडून एकदा शांतपणे वाचावी. जुळणीचे सगळे मर्म तिच्या दहाबारा ओळींत आहे. ती आधी संचाचे मूळ व्हेरिएबल भरणारी दुसरी बॅच फाईल बोलावते, मग क्यूजीआयएसचे ‘बिन’ पाथमध्ये घालते, क्यूजीआयएस जिथे बसले आहे तो पत्ता, म्हणजे प्रीफिक्स पाथ, ठरवते, क्यूटीच्या प्लगिनांचा पत्ता देते, ‘पायथनपाथ’मध्ये क्यूजीआयएसचा पायथन फोल्डर जोडते आणि शेवटच्या ओळीत पायथन सुरू करते.

सगळ्यांत भरवशाची युक्ती या शेवटच्या ओळीत आहे. बॅच फाईलची प्रत काढावी, पायथन सुरू करणारी ओळ खोडावी आणि तिथे एडिटर सुरू करणारी ओळ लिहावी. एखाद्या प्रोग्रॅमने सुरू केलेल्या दुसऱ्या प्रोग्रॅमला पहिल्याचे व्हेरिएबल वारशाने मिळतात. त्यामुळे एडिटर, त्याचे टर्मिनल, त्याचा डीबगर आणि त्यातून चालणारी स्क्रिप्ट हे सगळे एकाच घरात येतात. आधीपासून उघड्या असलेल्या एडिटरच्या खिडक्या मात्र बंद करून घ्याव्यात. त्यानंतर एडिटरमध्ये इंटरप्रिटर म्हणून ‘ॲप्स’मधल्या पायथन फोल्डरातला पायथन निवडायचा. बॅच फाईलची प्रत मूळ फाईलच्या शेजारीच, ‘बिन’मध्ये ठेवावी, कारण ती आपल्या जागेवरून पुढचे पत्ते काढते.

हे व्हेरिएबल एकेक करून विंडोजच्या सेटिंगमध्ये कायमचे भरण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. तो टाळावा. कायमचे भरलेले पत्ते संगणकावरच्या प्रत्येक प्रोग्रॅमला लागू होतात, आणि क्यूजीआयएसची नवी आवृत्ती आली की जुन्या फोल्डराकडे बोट दाखवत राहतात. शिवाय पायथन ३.८पासून विंडोजवर एक नियम बदलला : यंत्रभाषेतल्या मॉड्यूलला लागणाऱ्या डीएलएल फायली आता पाथमधून शोधल्या जात नाहीत, त्यांचे फोल्डर ‘ॲड डीएलएल डिरेक्टरी’ या फंक्शनने वेगळे सांगावे लागतात. त्यामुळे दुसरीकडून आणलेल्या पायथनला नुसता पाथ वाढवून दिला तरी ‘डीएलएल लोड फेल्ड’ हा निरोप जात नाही, आणि माणूस पाथमधल्या अक्षरांच्या चुका शोधत दिवस घालवतो.

इतर प्रणाली : डेबियन आणि उबुंटूवर काम सोपे आहे. क्यूजीआयएसचे पायथन पॅकेज प्रणालीच्याच पायथनमध्ये बसते. एडिटरला तोच पायथन दाखवला की झाले. वेगळे आभासी पर्यावरण करायचे असेल तर ते प्रणालीची पॅकेजे दिसतील अशा पर्यायाने करावे. फ्लॅटपॅकमधून बसवलेला एडिटर बंदिस्त पेटीत चालतो आणि प्रणालीचा पायथन त्याला दिसत नाही, एवढे लक्षात ठेवावे. मॅकओएसवर पायथन क्यूजीआयएसच्या ॲपच्या पोटातच असतो. तिन्ही प्रणालींवर चालणारा आणखी एक मार्ग म्हणजे कोंडा : ‘कोंडा-फोर्ज’ या भांडारातून क्यूजीआयएस वेगळ्या पर्यावरणात बसवता येते. जागा बरीच लागते, पण एडिटर ते पर्यावरण लगेच ओळखतो.

स्क्रिप्टचा सांगाडा : एडिटर जुळला तरी स्क्रिप्टने स्वतः क्यूजीआयएसला जागे करावे लागते. प्रथम प्रीफिक्स पाथ सांगायचा (उबुंटूवर तो ‘यूएसआर’ फोल्डर असतो), मग खिडकी नको असे सांगून ‘क्यूजीएसॲप्लिकेशन’ची एक वस्तू तयार करायची, मग ‘इनिटक्यूजीआयएस’ने माहितीस्रोत वाचणारी प्लगिन भरायची, आणि काम संपल्यावर ‘एक्झिटक्यूजीआयएस’ने सगळे आवरायचे. तयार केलेली वस्तू एखाद्या चलात धरून ठेवणे गरजेचे आहे. नाहीतर पायथन तिला कचरा समजून टाकून देतो. पडदा नसलेल्या लिनक्स सर्व्हरवर क्यूटीला ‘ऑफस्क्रीन’ मंचही सांगावा लागतो.

प्रीफिक्स चुकला तर काय होते, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. स्क्रिप्ट थांबत नाही, चूक दाखवत नाही. माहितीस्रोत वाचणारे प्लगिनच सापडलेले नसल्याने लेयर तयार होतो पण तो अवैध असतो. त्यातून आकृत्या मिळत नाहीत किंवा पुढे कुठेतरी भलतीच तक्रार उमटते. नवशिक्याला वाटते, फाईलच खराब आहे. म्हणून लेयर उघडल्यावर पुढच्याच ओळीत तो ‘इजव्हॅलिड’ने तपासावा आणि अवैध असेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबवावी. संपूर्ण जुळणीत एकच सवय लावून घ्यायची असेल तर ती हीच.

बफर, छेद, विलीनीकरण अशा प्रक्रियांसाठी ‘प्रोसेसिंग’ प्लगिन लागते आणि ते क्यूजीआयएसच्या प्लगिन फोल्डरात वेगळे राहते. तो फोल्डर पायथनच्या शोधयादीत घालून प्रोसेसिंगला एकदा ‘इनिशियलाइझ’ करावे लागते. एखादीच प्रक्रिया चालवायची असेल तर ‘क्यूजीआयएस प्रोसेस’ ही आज्ञा टर्मिनलवरून पुरते, स्क्रिप्टची गरजच उरत नाही.

दुसरा गोंधळ शेवटी होतो : काम पूर्ण, फाईल लिहून तयार, आणि बाहेर पडताना प्रोग्रॅम कोसळतो. कारण वस्तूंच्या आयुष्याच्या क्रमात आहे. आवराआवर झाल्यावरही पायथनच्या चलात लेयर पकडलेला असतो. पायथन तो नंतर सोडायला जातो तेव्हा त्याच्या खालची सी प्लस प्लसची व्यवस्था मोडलेली असते. सगळे काम एका फंक्शनमध्ये ठेवावे आणि त्याच्या बाहेर आवराआवर करावी. फंक्शन संपताच त्यातली चले आपोआप सुटतात. असा अपघात पायथनच्या डीबगरला दिसत नाही. ‘फॉल्टहँडलर’ हे मॉड्यूल चालू ठेवले तर निदान कोणत्या ओळीवर पडझड झाली ते कळते.

सूचना आणि पूर्ती : कोड बरोबर चालतो, तरी एडिटर आयातीच्या ओळीखाली नागमोडी रेघ मारतो, हे दृश्य नेहमीचे आहे. व्हीएस कोडमधले पायलान्स हे विस्तारक कोड न चालवता वाचते. त्याला फोल्डर वेगळे सांगावे लागतात. कामाच्या फोल्डरातल्या सेटिंग फाईलमध्ये ‘एक्स्ट्रापाथ्स’ या नोंदीखाली क्यूजीआयएसचा पायथन फोल्डर आणि त्याखालचा प्लगिन फोल्डर लिहावा. यंत्रभाषेतल्या मॉड्यूलांत त्याला फारसे डोकावता येत नाही, म्हणून फंक्शनांची नावे आणि प्रकार सांगणाऱ्या स्टब फायली उपयोगी पडतात. पायचार्म अशा फायली स्वतः तयार करतो. पायक्यूजीआयएसमधली नावे लांबलचक आहेत. टंकताना ती आपोआप पूर्ण करून देणारी पूर्ती मिळाली तर त्यांची धास्ती राहत नाही.

प्रक्षेपण : अक्षांश-रेखांश आणि मीटर यांतले रूपांतर प्रोज ही लायब्ररी करते, त्यासाठी ती स्वतःची माहितीफाईल वाचते. संगणकावर भूमाहितीचे दुसरे एखादे साधन बसवले असेल आणि त्याने ‘प्रोज लिब’ हे व्हेरिएबल स्वतःकडे वळवून ठेवले असेल, तर क्यूजीआयएसला भलत्या आवृत्तीची फाईल मिळते आणि रूपांतर बिनसते. हे व्हेरिएबल बॅच फाईलमध्ये पुन्हा योग्य जागी वळवावे. नव्या आवृत्त्यांत त्याचे नाव ‘प्रोज डेटा’ आहे. जुळणीची परीक्षा म्हणून महाराष्ट्र उत्तम आहे. ७८ अंश पूर्व रेखावृत्ताच्या पश्चिमेला, म्हणजे राज्याच्या बहुतेक भागाला, यूटीएम प्रक्षेपणाचा ४३ उत्तर पट्टा लागतो आणि त्याचा संकेतांक ३२६४३ आहे; नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली ४४ व्या पट्ट्यात, म्हणजे ३२६४४ मध्ये येतात. यवतमाळ जिल्हा दोन्हींत विभागला जातो. पुणे आणि नागपूर अशा दोन बिंदूंचे रूपांतर नीट आले, तर प्रोजची बाजू ठीक समजावी.

देवनागरी मजकूर : मराठी माणसाच्या कामात गावांची नावे देवनागरीत असणारच, आणि जुळणीचा हा भाग इंग्रजी मार्गदर्शिकांत सहसा सापडत नाही. एडिटरमध्ये फायली यूटीएफ-८ मध्येच जतन कराव्यात. विंडोजवर स्क्रिप्टचे छापील उत्तर फाईलकडे वळवले असेल, तर नुसते ‘सातारा’ छापायला सांगितले तरी स्क्रिप्ट संकेतनाच्या चुकीवर थांबू शकते. ‘पायथनयूटीएफ८’ हे व्हेरिएबल १ केले की तो अडथळा जातो. क्यूजीआयएसच्या बॅच फाईलमध्ये जीडालला फायलींची नावे यूटीएफ-८ मध्ये आहेत असे सांगणारी ओळ असते, ती खोडू नये; देवनागरी नावाच्या फायली उघडण्यासाठी ती असते.

शेपफाईल या नकाशा-माहितीच्या फाईलप्रकाराची मर्यादा मात्र कोणत्याही सेटिंगने सुटत नाही. तिच्यात स्तंभाच्या नावाला १० बाइट मिळतात आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला, काना-मात्रेसकट, ३ बाइट लागतात. ‘गाव’ ९ बाइटांत बसते. ‘तालुका’ला १८ लागतात, ते नाव कापले जाते आणि त्या नावाने स्तंभ शोधणारी स्क्रिप्ट रिकाम्या हाताने परतते. मराठी स्तंभनावे ठेवायची असतील तर जिओपॅकेज हा फाईलप्रकार वापरावा. तिथे ही अट नाही.

जुळणी झाली की बदललेली बॅच फाईल आणि एडिटरची सेटिंग फाईल यांच्या प्रती स्क्रिप्टच्याच फोल्डरात ठेवाव्यात आणि बॅच फाईलच्या पहिल्या ओळीत क्यूजीआयएस व पायथन यांच्या आवृत्त्या लिहून ठेवाव्यात. पुढच्या वर्षी क्यूजीआयएस बदलेल, ‘ॲप्स’मधल्या पायथन फोल्डराचे नाव बदलेल, आणि ती स्क्रिप्ट हाती आलेल्या नव्या माणसाला शोधाची सुरुवात याच ओळीपासून करायची आहे.