ॲपच्या पेठेतील हद्दपारी आणि दादफिर्याद

एखाद्या कारागिराने लिहिलेली संगणकीय प्रणाली ग्राहकाच्या हाती पडू द्यावयाची की नाही, हे ठरविण्याचा अधिकार यंत्र बनविणाऱ्या कंपनीने स्वतःकडे राखून ठेवण्याची प्रथा मोबाइल फोनबरोबर जन्मास आली, असा समज सर्वत्र रूढ आहे. परंतु तिचे मूळ त्याहून जवळजवळ दोन तपांनी जुने आहे. १९८३ साली अमेरिकेतील व्हिडिओ गेमचा बाजार निकृष्ट मालाच्या अतिरेकाने कोसळला, आणि त्या पडझडीनंतर १९८५ मध्ये तेथे उतरलेल्या निन्टेन्डो या जपानी कंपनीने आपल्या यंत्रात एक लहानशी चिप बसवून, तिची जोडीदार चिप ज्या कार्ट्रिजमध्ये नसेल ते कार्ट्रिज यंत्राने स्वीकारूच नये अशी तजवीज केली. परवाना घेणाऱ्यास वर्षाकाठी पाचच गेम काढण्याची मुभा असे, आणि परवाना द्यावयाचा की नाही हे सर्वस्वी कंपनीच्या मर्जीवर असे. अटारी गेम्स कंपनीने त्या चिपमधील संहिता हस्तगत करून हे कुलूप उघडले, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले आणि १९९२ साली अपील न्यायालयाने अटारीविरुद्धचा मनाईहुकूम कायम केला. घरगुती संगणकाच्या बाजारात मात्र त्याच काळी अशी कोणतीही चौकी नव्हती. ज्याला प्रणाली लिहिता येत होती त्याने ती फ्लॉपीवर उतरवून विकावी, अथवा मित्रमंडळींत फुकट वाटावी, त्यास कोणाचा परवाना लागत नव्हता.

या दोन परंपरांपैकी फोनने पहिली उचलली. १० जुलै २००८ रोजी ॲपल कंपनीने सुमारे ५०० ॲपांनिशी आपले ॲप स्टोअर उघडले, आणि पहिल्या तीन-चार दिवसांतच त्यातून एक कोटी ॲप उतरवून घेतली गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गूगलचे अँड्रॉइड मार्केट सुरू झाले, ज्यास २०१२ पासून प्ले स्टोअर म्हणतात. या पेठांचे उपकार नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. वर्षाकाठी ९९ डॉलर ॲपलला, किंवा एकदाच २५ डॉलर गूगलला भरून, ज्याच्यापाशी ना दुकान ना अडत्या अशा एकट्या माणसासही जगभरच्या ग्राहकांपुढे आपला माल मांडता येऊ लागला. विक्रीतील शंभरातील तीस हिस्से पेठेच्या मालकास देऊन उरलेले सत्तर त्याचे होत. ग्राहकासही चोरट्या आणि घातक प्रणालींपासून काही एक संरक्षण मिळाले. तथापि ॲपलच्या फोनवर ही एकच पेठ होती, दुसरी उघडण्यास मनाई होती, आणि म्हणून तेथून हद्दपार होणे म्हणजे त्या फोनपुरता धंदाच संपुष्टात येणे, ही गोष्ट ॲपनिर्मात्यांच्या ध्यानी फार लवकर आली.

सप्टेंबर २००८ मध्ये ‘पॉडकास्टर’ नावाचे ॲप नाकारले गेले ते ॲपलच्याच आयट्यून्समधील सोयीची पुनरावृत्ती करते या कारणास्तव. हे कारण नियमावलीत असावे तर तशी नियमावलीच कोठे प्रसिद्ध नव्हती. पुढे नकाराच्या पत्रांवरही गोपनीयतेच्या कराराची सूचना येऊ लागली, म्हणजे ज्यास शिक्षा झाली त्याने शिक्षेचे कारण चारचौघांत उच्चारणेही करारभंग ठरावा! निर्मात्यांच्या तीव्र निषेधानंतर १ ऑक्टोबर २००८ रोजी ॲपलने, बाजारात आलेल्या प्रणालींपुरते, हे बंधन मागे घेतले. पुढील वर्षी मे महिन्यात ‘यूकॅलिप्टस’ या वाचनाच्या ॲपची जी गत झाली ती भारतीय वाचकाने अवश्य जाणून घ्यावी. प्रोजेक्ट गुटेनबर्गच्या ग्रंथसंग्रहातील कोणतेही पुस्तक शोधून वाचता यावे, एवढाच त्या ॲपचा उद्देश. परंतु त्या अफाट संग्रहात वात्स्यायनाच्या कामसूत्राचे एक जुने इंग्रजी भाषांतर होते, आणि ते शोधल्यास सापडते म्हणून परीक्षकांनी ते ॲप वारंवार परत पाठविले. तेच पुस्तक त्याच फोनच्या ब्राउझरमधून कोणासही वाचता येत होते. निर्मात्याने अखेर निरुपायाने त्या एका ग्रंथापुरता अडसर घातला. दरम्यान प्रकरण जाहीर झाले, बभ्रा झाला, आणि मग कंपनीकडून दूरध्वनी येऊन तो अडसरही काढून टाकण्याची परवानगी मिळाली. निर्णय फिरला तो युक्तिवादाने फिरला नाही, बोभाट्याने फिरला. आणि या व्यवहाराच्या पुढील सर्व इतिहासावर या एका घटनेची छाया पडलेली मला दिसते.

२००९ च्या जुलैमध्ये गूगल व्हॉइस हे ॲप ॲपलच्या पेठेत येऊ शकले नाही, तेव्हा अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने ३१ जुलै रोजी संबंधित कंपन्यांकडे लेखी कैफियत मागितली. ॲपलने २१ ऑगस्टच्या उत्तरात कळविले की ॲप नाकारलेले नाही, त्याचा विचार चालू आहे. गूगलच्या उत्तरात ते नाकारले गेल्याचे स्पष्ट म्हटले होते. दोन बलाढ्य कंपन्यांमध्ये निकाल झाला की नाही एवढ्याच मुद्द्यावर एकवाक्यता नसावी, यावरून ही परीक्षणाची पद्धत किती अंधारी होती याची कल्पना येते. २१ ऑगस्टच्या त्याच उत्तरात ॲपलने प्रथमच आपल्या दफ्तराची कवाडे किंचित उघडली: चाळीसहून अधिक पूर्णवेळ परीक्षक, आठवड्यास सुमारे ८,५०० नवी किंवा सुधारित ॲप, आणि प्रत्येक ॲप निदान दोघांच्या नजरेखालून. या हिशेबाने एका परीक्षकाच्या वाट्यास आठवड्यास चारशेवर परीक्षणे येतात. इतक्या घाईत माणसाच्या उपजीविकेविषयी विवेकपूर्ण निवाडा व्हावा, ही अपेक्षाच अवास्तव होती. हे सारे बाहेर आले ते सरकारी आयोगाने जाब विचारला म्हणून, एरवी आले नसते.

व्यंगचित्रकार मार्क फिओरे यांचे ॲप डिसेंबर २००९ मध्ये सार्वजनिक व्यक्तींची टवाळी करते म्हणून नाकारले गेले. एप्रिल २०१० मध्ये त्याच व्यंगचित्रांसाठी त्यांना पुलित्झर पारितोषिक मिळाले, आणि थोड्याच दिवसांत ॲपही मंजूर झाले. ज्यास पुलित्झर मिळत नाही त्याने काय करावे? या प्रश्नाचे अंशतः उत्तर सप्टेंबर २०१० मध्ये मिळाले, जेव्हा ॲपलने आपले परीक्षणाचे नियम प्रथमच प्रकट केले आणि फेरविचारासाठी एक मंडळ नेमले. पेठ उघडल्यापासून दोन वर्षांहून अधिक काळ लोक ज्या कायद्याखाली दंडिले जात होते, तो कायदा त्यांना आता वाचावयास मिळाला. परंतु नियमभंग झाला असे सांगणारी, त्याची चौकशी करणारी, शिक्षा देणारी, अपील ऐकणारी आणि प्रतिस्पर्ध्याच्या हद्दपारीने कित्येकदा लाभ पावणारी संस्था एकच राहिली.

गूगलने आरंभी निराळा मार्ग धरला. तेथे प्रवेश सुलभ होता, आणि झडती प्रवेशानंतर होई. त्यामुळे नकाराऐवजी खातेच बंद करण्याची शिक्षा तेथे अधिक गाजली. खाते बंद होणे म्हणजे केवळ एक ॲप जाणे नव्हे. त्याबरोबर निर्मात्याची सर्व ॲप, वर्षानुवर्षे जमविलेले अभिप्राय आणि पुन्हा नवे खाते उघडण्याचा हक्क ही सारी एकदम जातात, आणि बंद झालेल्या खात्याशी ज्याचा संबंध यंत्रास दिसला त्या दुसऱ्या खात्यासही तीच शिक्षा लागू शकते. पूर्वी कधी एकत्र काम केलेल्या सोबत्याच्या अपराधापायी आपले खाते गेले, अशी गाऱ्हाणी निर्मात्यांनी अनेकदा मांडली; उत्तरादाखल येणारी पत्रे बहुधा ठरीव मजकुराची असत. २०१९ च्या एप्रिलमध्ये गूगलने जाहीर निवेदनात म्हटले की खाती बंद करण्याचे त्यांचे शंभरातील नव्याण्णवांहून अधिक निर्णय बरोबर असतात, आणि प्रत्येक अपील माणूस वाचतो. हे निवेदन प्रामाणिक मानूनच हिशेब करावा. २०२३ या एका वर्षात गूगलने ३ लाख ३३ हजार खाती बंद केल्याचे स्वतःच सांगितले आहे; शंभरात एकाहून किंचित कमी निर्णय चुकला असे धरले तरी तीन हजारांच्या आसपास निरपराध माणसे एका वर्षात उठविली गेली असे होईल. त्यांतील कोणाचे दुःख शेकडेवारीने हलके होत नाही.

ॲपलचे आकडे याहून बोलके आहेत, आणि तेही मागून मिळालेले आहेत. लहान निर्मात्यांनी अमेरिकेत लावलेल्या दाव्यात २०२१ साली जी तडजोड झाली, तिच्या अटींमुळे कंपनीस दरसाल पारदर्शकतेचा अहवाल काढणे भाग पडले. त्यातील पहिल्या, म्हणजे २०२२ सालच्या, अहवालाप्रमाणे त्या वर्षी ४ लाख २८ हजारांहून अधिक निर्मात्यांची खाती बंद झाली, आणि सुमारे १ लाख ८६ हजार ॲप पेठेतून काढली गेली. काढलेल्या ॲपांविषयी १८ हजारांहून अधिक अपिले आली. परत आली ती अवघी ६१६. यांतील पुष्कळशी खाती लबाडांची असणार, हे मी मान्य करतो. परंतु कोणते अपील कोणत्या कारणास्तव फेटाळले गेले हे बाहेरच्या कोणासच तपासता येत नाही, तोवर ६१६ हा आकडा न्यायाचा पुरावा की अन्यायाचा, हे कोणी सांगावे?

ऑगस्ट २०२० मध्ये एपिक गेम्स कंपनीने फोर्टनाइट या खेळात स्वतःची पैसे भरण्याची सोय हेतुपुरस्सर घातली, आणि दोन्ही पेठांनी त्याच दिवशी तो खेळ काढून टाकला. त्या लांबलेल्या कज्जाचा इतिहास येथे सांगण्याचे कारण नाही. एकच गोष्ट नोंदवितो. ॲपलने एपिकची सर्व खाती बंद करण्याची धमकी दिली, तेव्हा न्यायाधीश यव्होन गोन्झालेझ रॉजर्स यांनी २४ ऑगस्ट रोजी फोर्टनाइटला तात्पुरता दिलासा नाकारला. करार एपिकने जाणूनबुजून मोडला होता. मात्र एपिकच्या अनरियल इंजिन या ज्या खेळ बनविण्याच्या प्रणालीवर असंख्य परक्या निर्मात्यांचे काम अवलंबून होते, त्याच्या खात्यांस हात लावण्यास त्यांनी मनाई केली. अपराध कोणता, तो कोणाचा, आणि शिक्षेची झळ कोठवर पोहोचावी, हे तिन्ही प्रश्न अलग करून पाहणारा माणूस या बारा वर्षांत प्रथमच आसनावर बसलेला दिसला.

योगायोगाने युरोपीय संघाचा ऑनलाइन पेठांविषयीचा २०१९ चा नियम त्याच वर्षी १२ जुलैपासून अमलात आला होता. त्यान्वये व्यावसायिकाची सेवा पूर्णतः बंद करावयाची असल्यास, काही अपवाद वगळता, तीस दिवस आधी लेखी कारणे द्यावी लागतात, आणि तक्रार ऐकण्याची व्यवस्था व मध्यस्थांची नावे आधीच कळवावी लागतात. लेखी कारणांची ही रीत आपल्यालाही परकी नाही. आपल्याकडील मराठेशाहीतील गोतसभेत वतनाचा वाद येई तेव्हा वादी-प्रतिवादींच्या तकरिरा लिहून घेत, जामीन घेत, साक्षी घेत, आणि निकालाचा महजर सभासदांच्या नावानिशी लिहून जिंकणाऱ्याच्या हाती देत. त्या व्यवस्थेत जातीचे आणि सत्तेचे दोष पुष्कळ होते; पण निवाडा कोणी केला आणि कशाच्या आधारे केला, हे त्या कागदावर वाचता येई.

आपल्या देशास या प्रश्नाची तीव्रता १८ सप्टेंबर २०२० रोजी कळली, जेव्हा पेटीएम हे कोट्यवधींच्या वापरातील ॲप जुगारविषयक नियमाच्या आधारे प्ले स्टोअरमधून काही तास अदृश्य झाले. २५ ऑक्टोबर २०२२ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने प्ले स्टोअरच्या धोरणांबद्दल गूगलला ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड केला. मार्च २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो २१६.६९ कोटींवर आणला. मधल्या काळात, १ मार्च २०२४ रोजी, शुल्काच्या वादावरून गूगलने दहा भारतीय कंपन्यांची ॲप काढण्यास आरंभ केला. मुंबईच्या शादी डॉट कॉम आणि कुकू एफएम यांपासून भारत मॅट्रिमनीपर्यंतची नावे त्यांत होती. केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी हे चालणार नाही असे सांगितले, आणि थोड्याच दिवसांत ॲप परत आली. शुल्काच्या प्रश्नावर गूगलचीही बाजू होती, आणि निर्मात्यांना न्यायालयांकडून मिळालेले तात्पुरते संरक्षण तोवर उरलेले नव्हते. परंतु दाद लागली ती मंत्र्यांच्या शब्दाने लागली. सांगली किंवा अकोल्यात बसून एकट्याने ॲप बनविणाऱ्यासाठी कोणता मंत्री असा शब्द टाकणार आहे?

२०२४ च्या त्याच मार्चमध्ये केंद्र सरकारच्या समितीने डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यावर जे लोकप्रतिनिधी, वकील आणि उद्योजक विचार करीत आहेत त्यांना माझी विनंती आहे की शुल्काच्या टक्क्यांचा वाद त्यांनी जरूर सोडवावा. परंतु त्याआधी खाते बंद करण्यापूर्वी तीस दिवसांची लेखी नोटीस, शिक्षेचे नेमके कारण, आणि कंपनीच्या बाहेरील पंचाकडे अपील, ही तीन कलमे कायद्यात लिहून घ्यावीत.