वळणापलीकडचा उजेड

मंडळी, आधीच सांगते, विषय पोटाचा आहे, आणि पोटाच्याही जरा खालचा आहे. जेवता जेवता वाचत असाल तर आधी निवांत जेवून घ्या आणि मग या.

घरच्यांना माहीतच आहे, बाकीच्यांसाठी सांगते. दादाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. वय ५१. ऑपरेशन झालं, केमो चालू आहे, आणि वहिनीला चहात साखर कमी पडली म्हणून ऐकवण्याइतका तो बरा आहे. त्याची फाइल वाचून झाल्यावर डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "भावंडं किती?" सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनी चाळिशीला, किंवा घरातल्या पेशंटला ज्या वयात निदान झालं त्याच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करून घ्यावी, असं डॉक्टर लोक सांगतात. माझी चाळिशी उलटून सहा वर्षं झाली. तेव्हा नंबर माझा.

तारीख मिळाली तीन आठवड्यांनंतरची. भीती वाटली की मी त्या गोष्टीबद्दल वाचत सुटते. यावेळी त्या नळीचा इतिहास वाचला, आणि खरं सांगते, त्यात रमले.

मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब असतं. ते सरळ असतं तर प्रश्नच नव्हता. पण खालून सुरुवात केली की आधी नागमोडी भाग, मग डावीकडे वर प्लीहेपाशी एक काटकोन, मग पोटातून आडवा पट्टा, यकृताखाली दुसरा काटकोन, आणि मग उजवीकडून खाली सीकमपर्यंत. या दीड मीटरच्या काळोखात बघायचं तर दोनच गोष्टी हव्यात. उजेड आत न्यायचा आणि चित्र बाहेर आणायचं. पण उजेड सरळ जातो, आणि आतडं वळणावळणाचं. सगळा इतिहास या एका अडचणीचा आहे.

फ्रँकफर्टच्या फिलिप बोझिनी नावाच्या तरुण डॉक्टरनं १८०६ च्या सुमारास एक यंत्र बनवलं. आत मेणबत्ती, मागे आरसा, पुढे सरळ नळी. नाव ठेवलं 'प्रकाशवाहक'. मेणबत्तीच्या उजेडात माणसाच्या आत डोकावणं! त्याच्या हयातीत त्याचं फारसं कौतुक झालं नाही, आणि १८०९ मध्ये टायफसनं तो गेला. पुढे १८६८ मध्ये फ्रायबुर्गला अडॉल्फ कुसमाउल यांना जठरात सरळ नळी घालायची होती. घशातून सरळ नळी कोण घालून घेणार? त्यांनी तलवार गिळण्याचे खेळ करणारा माणूस गाठला. नळी गेली, पण उजेड पुरला नाही.

खालच्या बाजूनं बघायला १८९५ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या हॉवर्ड केली यांनी सरळ धातूच्या नळ्या वापरात आणल्या. नंतर अशा नळीची लांबी साधारण २५ सेंटीमीटर ठरून गेली, कारण त्याच्या पुढे वळण. दीड मीटरच्या वाड्यात फक्त ओसरी दिसायची. पुढचं बघायचं तर बेरियमचा एनिमा देऊन एक्स-रे काढायचा, म्हणजे सावलीवरून अंदाज बांधायचा. आणि सावलीत गाठ दिसली तर पोट उघडायचं.

आता इथे आपल्याकडचा एक माणूस येतो. नरिंदर सिंग कपानी, जन्म १९२६, पंजाबातलं मोगा. शाळेत मास्तरांनी सांगितलं की प्रकाश सरळ रेषेतच जातो, तेव्हापासून ते खोटं ठरवायचं त्यांच्या डोक्यात होतं, असं ते स्वतः सांगत. तशी प्रकाश वळवण्याची युक्ती जुनी होती. जिनिव्हात डॅनियल कोलाडॉन यांनी १८४० च्या दशकाच्या सुरुवातीलाच पाण्याच्या वाकड्या धारेतून उजेड नेऊन दाखवला होता. उजेड धारेच्या कडेवर तिरका आपटतो, पुन्हा आत फेकला जातो, आणि असा आपटत आपटत धारेबरोबर वळतो. कपानी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्या हाताखाली काम करत होते. त्यांनी पाण्याऐवजी काचेचे केसासारखे तंतू घेतले. हजारो तंतूंची जुडी, आणि दोन्ही टोकांना प्रत्येक तंतू आपापल्या जागी. एक तंतू म्हणजे चित्राचा एक ठिपका. क्रम चुकला की चित्राची रांगोळी विस्कटलीच. २ जानेवारी १९५४ च्या 'नेचर'च्या अंकात त्यांचा लेख आला. चित्र वळणावरून बाहेर आलं होतं. कपानी २०२० च्या डिसेंबरात गेले, आणि २०२१ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं.

तो लेख वाचून अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातले बेसिल हिर्शोविट्झ लंडनला जाऊन हॉपकिन्स आणि कपानींना भेटले. अडचण अशी होती की तंतू एकमेकांना चिकटले की उजेड शेजारच्यात गळायचा आणि चित्र अंधुक व्हायचं. लॅरी कर्टिस या तिथल्या विद्यार्थ्यानं १९५६ च्या डिसेंबरात एका प्रकारच्या काचेची कांडी दुसऱ्या प्रकारच्या काचेच्या नळीत घालून, दोन्ही एकत्र वितळवून तंतू ओढला. प्रत्येक तंतूला काचेचंच अस्तर! गळती थांबली. फेब्रुवारी १९५७ मध्ये हिर्शोविट्झ यांनी ती लवचीक नळी सगळ्यात आधी स्वतःच्या घशात घातली, आणि मग पेशंटकडे वळले. हे वाचून मला फार बरं वाटलं. आपण ज्या टेबलावर झोपणार आहोत त्यावर आधी कोणीतरी स्वतः झोपलं होतं, अशी काहीशी भावना.

ही जठराची नळी. खालच्या बाजूसाठी १९६० च्या दशकात अमेरिकेत बर्गीन ओव्हरहोल्ट यांनी आणि जपानमध्ये तिथल्या डॉक्टर-कंपन्यांनी लवचीक नळ्या केल्या. मग १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या बेथ इस्रायल हॉस्पिटलात विल्यम वुल्फ आणि मूळचे जपानी हिरोमी शिन्या यांनी मोठीच मजल मारली. नळीतून तारेचा एक फास आत सोडायचा, पॉलिपच्या देठाभोवती आवळायचा, विजेचा झटका द्यायचा. पॉलिप तुटून येतो आणि जखम जागच्या जागी भाजली जाते. जिथे पोट उघडावं लागायचं तिथे आता टाकाही नाही.

आणि पॉलिप काढणं म्हणजे नुसती साफसफाई नव्हे. मोठ्या आतड्याचे बहुतेक कॅन्सर आधी पॉलिप असतात, आणि पॉलिपचा कॅन्सर व्हायला सहसा वर्षानुवर्षं लागतात. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात पॉलिप काढलेल्या लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. २०१२ मध्ये छापलेल्या निष्कर्षानुसार त्यांच्यातले या कॅन्सरचे मृत्यू अपेक्षेपेक्षा ५३ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे ही अशी तपासणी आहे की ज्यात रोग सापडायच्या आधीच त्याचं बी उपटता येतं.

आता तयारीबद्दल, कारण सगळ्यांना भीती तिचीच असते. आमच्या आजीनं रविवारी एरंडेल पाजलेल्यांपैकी मी एक, त्यामुळे मला वाटलं, त्यात काय! पूर्वी कोलोनोस्कोपीच्या आधी हेच असायचं. दोन-तीन दिवस नुसतं पातळ पाणी, जालीम रेचक, वर एनिमा. मधल्या काळात मॅनिटॉल नावाची साखर द्यायचे. पण आतड्यातले जंतू ती खाऊन हायड्रोजन तयार करतात, आणि तारेच्या ठिणगीनं त्याचा स्फोट होऊन पेशंट दगावल्याची नोंद १९७९ मध्ये छापून आली. १९८० मध्ये जॉन फोर्डट्रान आणि सहकाऱ्यांनी वेगळीच तोड काढली. पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे शरीरात शोषलं न जाणारं द्रव्य, आणि त्यात मोजूनमापून क्षार. जितकं प्याल तितकं खालून येतं, शरीरातलं पाणी वाढतही नाही आणि घटतही नाही. सुरुवातीला ते चार लिटर प्यावं लागायचं. माझ्या वाट्याला दोनच लिटर आलं, निम्मं आदल्या संध्याकाळी आणि निम्मं पहाटे.

तीन दिवस आधीपासून बिया बंद. टोमॅटो, पेरू, वांगं, खसखस, पालेभाज्या सगळं बाद. आदल्या दिवशी शहाळ्याचं पाणी, गाळलेलं लिंबू सरबत, कोरा चहा आणि वरणाच्या वरचं नितळ पाणी. मग ते औषध. चव मीठ टाकून विसरलेल्या संत्र्याच्या सरबतासारखी. गार करून स्ट्रॉनं प्यायलं तर जातं. पहिला तासभर काहीच होत नाही, आणि नंतर पुस्तक घेऊन बाथरूमजवळच मुक्काम ठोकावा. पहाटेपर्यंत पिवळसर नितळ पाणी आलं की तुम्ही पास.

प्रत्यक्ष तपासणीत सांगण्यासारखं फार नाही. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी, हाताला सलाईन. औषधानं गुंगी आली. मध्ये एकदा पोट फुगल्यासारखं वाटलं, आणि पडद्यावर गुलाबी, ओलसर, कमानीमागून कमानी असलेला बोगदा दिसला. काचेचे तंतू १९८० च्या दशकात मागे पडायला लागले, आता टोकाशी इवलासा कॅमेरा असतो. तरी मला कपानींचीच आठवण आली. जाग आली तेव्हा नवरा बिस्किटाचा पुडा घेऊन शेजारी बसला होता.

दोन पॉलिप निघाले. मोठा ८ मिलिमीटरचा. दोन्ही तिथल्या तिथे काढले. आठवड्यानं रिपोर्ट आला, अ‍ॅडिनोमा, म्हणजे कॅन्सर नाही, पण त्या वाटेवरचा. पुढची तपासणी पाच वर्षांनी. त्या रात्री मी दादाला फोन केला. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "चला, माझ्या आजारपणाचा कोणाला तरी उपयोग झाला."

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. आपली आत्या १९९४ मध्ये गेली. दोन वर्षं तिला रक्त पडत होतं, आणि ती मूळव्याध समजून गुपचूप लेप लावत होती. वळणापलीकडे बघणारी नळी तेव्हा मुंबईत होती. ठाण्याहून लोकलनं तासाभराचं अंतर. तिला ते कोणाला सांगताच आलं नाही, कारण आपल्याकडे हा विषय स्टेशनबाहेरच्या भिंतीवर, मूळव्याध-भगंदराच्या जाहिरातीत रंगवायचा, पण घरात काढायचा नाही.

इतरांकडेही फार वेगळं नव्हतं. जुलै १९८५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांच्या कोलोनोस्कोपीत अगदी टोकाला, सीकममध्ये, मोठी गाठ सापडली. २५ सेंटीमीटरच्या नळीला ती कधीच दिसली नसती. तेव्हा कुठे टीव्हीवर आतड्याची चित्रं दिसली आणि लोक मोकळेपणी बोलायला लागले. केटी कूरिक या वृत्तनिवेदिकेचा नवरा १९९८ मध्ये ४२ व्या वर्षी याच कॅन्सरनं गेला, आणि मार्च २००० मध्ये तिनं स्वतःची कोलोनोस्कोपी टीव्हीवर दाखवली. त्यानंतर अमेरिकेत या तपासण्या २० टक्क्यांहून जास्त वाढल्याचं पुढे एका अभ्यासात दिसलं. १९ नोव्हेंबर २०२१ ला बायडन यांच्या कोलोनोस्कोपीपुरती कमला हॅरिस यांच्याकडे ८५ मिनिटं अध्यक्षपदाचे अधिकार होते. ते अधिकार मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री, आणि निमित्त हे!

तर दादाची मुलं, तुम्ही चाळिशीची वाट बघा, पण तारीख डायरीत लिहून ठेवा. आत्याच्या मुलांनो, तुमचा नंबर तर माझ्याही आधी लागतो. बाकीच्यांनी रक्त पडलं, शौचाची सवय अचानक बदलली, विनाकारण हिमोग्लोबिन उतरलं, तर घरगुती लेप लावत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि दाखवायची लाज वाटली तर आधी मला फोन करा. मला आता कसलीच लाज उरलेली नाही. औषध गार कसं करायचं तेही सांगेन.