लिथियमची गोळी आणि रक्ताची तपासणी

घरात कुणाला बायपोलर आहे असं कळलं की पाहुणे विचारतात, "बरा होईल ना?" घरच्यांचा प्रश्न वेगळा असतो. हा उद्या कामावर जाईल का? आणि पुढच्या महिन्यात?

1948 साल. मेलबर्नजवळ बंडूरा इथलं मनोरुग्णालय. डॉक्टर जॉन केड, महायुद्धात तीन वर्षांहून जास्त काळ सिंगापूरच्या चांगीत जपान्यांच्या कैदेत काढून आलेला माणूस. लिथियमचा क्षार टोचल्यावर गिनीपिग सुस्त पडतात हे त्यांनी पाहिलं. आधी स्वतः घेऊन बघितला, मग उन्मादाच्या रुग्णांना दिला. पहिला रुग्ण 51 वर्षांचा, पाच वर्षं उन्मादात. मार्चअखेर औषध सुरू झालं, जुलैत गडी घरी गेला आणि लवकरच जुन्या नोकरीवर रुजूही झाला!

बहुतेक जण ही गोष्ट इथेच संपवतात. पण पुढे त्याने औषधाची हयगय केली, मग बंदच केलं. जानेवारी 1949 मध्ये परत दाखल. 1950 मध्ये तो लिथियमच्याच विषबाधेने गेला. या औषधात गुण येणारं प्रमाण आणि विष होणारं प्रमाण अगदी जवळजवळ आहे, आणि केड रक्तातलं लिथियम मोजत नव्हते. अमेरिकेत तर 1949 मध्ये हृदयरोग्यांना मिठाऐवजी लिथियम क्लोराइड दिलं गेलं, त्यात माणसं दगावली. औषधाची पार बदनामी झाली.

ते वाचलं रक्ततपासणीमुळे. मेलबर्नमध्येच ट्राउटनर यांनी शंभरावर रुग्णांचं रक्त तपासत औषध दिलं, 1951 मध्ये ते छापून आलं. डेन्मार्कच्या मोगेन्स शाऊंनी 1954 पासून काम पुढे नेलं. अमेरिकेत मान्यता मिळायला 1970 उजाडलं.

आता आपल्याकडे या. मानसिक आरोग्य कायदा 2017, कलम 18: आवश्यक यादीतली औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सरकारी दवाखान्यांत मोफत मिळायला हवीत. छान. पण रक्ततपासणीचं काय? उन्हात राबणाऱ्या माणसाचं पाणी कमी पडलं, जुलाब लागले, अंगदुखीवर आयबुप्रोफेन घेतली, तरी रक्तातलं लिथियम वाढू शकतं. हात जास्त थरथरायला लागले, तोल जायला लागला तर थेट डॉक्टरकडे न्यायचं. एरवी मनाने गोळी बंद करायची नाही. थायरॉइड आणि किडनीही अधूनमधून तपासावी लागते. तपासणीसाठी जिल्ह्याला जायचं म्हणजे दिवसाची मजुरी गेली, सोबत येणाऱ्याचीही.

तुमच्या ग्रामीण रुग्णालयात लिथियमची रक्ततपासणी होते का? तालुक्याच्या नावासकट खाली लिहा. रुग्णाचं नाव नको.