ट्रॅक्टरची हायड्रॉलिक लिफ्ट : रचना आणि नियंत्रण

राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान पार्कचा विस्तार माण गावापर्यंत झाला असला, तरी मुळशी तालुक्यातील भातखाचरांत चिखलणी व नांगरणीसाठी ट्रॅक्टर वापरला जातो. लहान खाचरात बांधाशी वळताना औजार वारंवार उचलावे लागते. हे काम हायड्रॉलिक लिफ्ट करते.

रचना : औजार तीन ठिकाणी जोडले जाते; खाली दोन लोअर लिंक आणि वर एक टॉप लिंक. ही पद्धत आयर्लंडमधील हॅरी फर्ग्युसन यांनी विकसित केली. १९३६ मध्ये ती फर्ग्युसन-ब्राऊन ट्रॅक्टरवर आणि १९३९ मध्ये फोर्डच्या ट्रॅक्टरवर आली. आज ती जगभर रूढ आहे.

कार्य : इंजिनवर चालणारा पंप तेलाला दाब देतो. व्हॉल्व्हमधून हे तेल सिलिंडरमध्ये जाते, पिस्टन सरकतो आणि लिफ्टचे हात वर उचलले जातात. खाली येताना मात्र बहुतेक ट्रॅक्टरांत तेलाचा दाब नसतो. औजार स्वतःच्या वजनाने उतरते. म्हणून लिफ्टने दाबून औजार जमिनीत घुसवता येत नाही.

पोझिशन कंट्रोल (पीसी) : लिव्हर जेथे ठेवावा, त्या उंचीवर औजार थांबते. चिखलणी, रोटाव्हेटर, पेरणी व वाहतुकीसाठी हे नियंत्रण योग्य.

ड्राफ्ट कंट्रोल (डीसी) : नांगराला कठीण जमीन लागली की ओढ वाढते व टॉप लिंक पुढे रेटली जाते. तिच्यामागील स्प्रिंग दबून व्हॉल्व्ह उघडतो आणि नांगर किंचित वर येतो. ओढ कमी होताच तो पुन्हा खाली जातो. या क्रियेत औजाराचा काही भार मागील चाकांवर येतो. त्यामुळे चाके घसरणे आणि डिझेलचा अपव्यय कमी होतो. मोठ्या ट्रॅक्टरांत ही ओढ लोअर लिंकवर मोजली जाते. एकाच शेतात माती बदलत असेल, तर या नियंत्रणात नांगरणीची खोली कमी-जास्त होते. पेरणीसारख्या एकसारख्या खोलीच्या कामाला ते म्हणूनच चालत नाही.

दक्षता : इंजिन बंद असले तरी लिव्हर खाली ढकलताच उचललेले औजार खाली येते, तेल गळाल्यास ते आपोआपही उतरते. त्यामुळे उचललेल्या औजाराखाली केवळ लिफ्टच्या भरवशावर कधीही जाऊ नये. फाळ बदलताना औजार जमिनीवर टेकवावे किंवा खाली भक्कम आधार द्यावा. रोटाव्हेटरची पाती साफ करण्यापूर्वी पीटीओ व इंजिन दोन्ही बंद करावे. ओंडका किंवा रुतलेले वाहन टॉप लिंकच्या जागी दोर बांधून ओढू नये. ओढ मागील आसाच्या वर लागल्याने ट्रॅक्टरचे पुढचे टोक उचलले जाऊन तो चालकावर उलटू शकतो. ओढण्यासाठी खालचा ड्रॉबारच वापरावा.