कांतिद्रवाची कुळकथा

दही लावून ठेवले की त्यावर थोडे पाणी सुटून येते. गृहिणी ते बहुधा ओतून टाकते, किंवा कढीत वापरते. लॅटिन भाषेत या पाण्याला ‘सीरम’ असे नाव होते. पुढे रक्त गोठल्यावर वर राहणाऱ्या पिवळसर पाण्यालाही वैद्यकशास्त्राने तेच नाव दिले आणि आता ते नाव शृंगारमेजावरील इवल्याशा काचेच्या कुपीवर जाऊन बसले आहे. कुपीतील द्रव पातळ असतो, थेंबांनी मोजला जातो, आणि त्यात तेलातुपापेक्षा औषधी द्रव्याचा भाग अधिक असतो. मलम आणि सीरम यांतील भेद एवढाच.

कुपीवर द्रव्यांची नावे छापलेली असतात. ती वाचून पुष्कळांचा समज होतो की ही सर्व द्रव्ये सौंदर्यासाठीच शोधली गेली. वस्तुतः त्यांतील बहुतेक नावे रोगांच्या इतिहासातून आली आहेत, आणि ती कोणाच्या त्वचेला मानवतील व कोणाच्या नाही याचे उत्तरही पुष्कळदा त्याच इतिहासात सापडते.

एकच लेप सर्वांना चालत नाही, हे आपल्या वैद्यांना चांगले ठाऊक होते. वाग्भटाने अष्टांगहृदयात मुखलेपांचे तीन प्रकार सांगितले आहेत: दोष घालविणारा, विष उतरविणारा आणि वर्ण उजळणारा. सहा ऋतूंसाठी सहा निरनिराळे लेप तो देतो, लेपाची जाडी बोटाच्या मापाने ठरवितो, आणि लेप वाळू देऊ नये, वाळला तर तो कांती बिघडवतो, असा इशाराही देतो. आज घरोघर मुलतानी माती चेहऱ्यावर कडक वाळेपर्यंत ठेवतात, त्यांनी हे वाचण्यासारखे आहे. चरकाने वर्ण्य म्हणून जी दहा द्रव्ये गणली, त्यांत ज्येष्ठमध आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस ज्येष्ठमधातील ग्लॅब्रिडिन हे द्रव्य त्वचेत रंग तयार करणाऱ्या किण्वाला आवर घालते असे प्रयोगांती दिसून आले, आणि आज अनेक कुप्यांवर त्याचे नाव असते.

परंतु कुपीतील आजच्या सर्वांत लोकप्रिय द्रव्यांपैकी एकाची, नायसिनामाइडची, कथा निराळी आहे. ती सुरू होते दारिद्र्यात. 1735 मध्ये स्पेनच्या अस्तुरियास प्रांतातील गास्पार कासाल या वैद्यांनी मक्यावर जगणाऱ्या गरीब शेतकऱ्यांमध्ये एक रोग पाहिला. उन्हाला उघडी पडणारी कातडी प्रथम लाल होई, मग काळवंडून खरखरीत होई, आणि मानेभोवती तर जणू कंठाच पडे. इटलीत या रोगाला पेलाग्रा, म्हणजे खरखरीत कातडी, हे नाव मिळाले. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागात त्याने हाहाकार माजविला. हा संसर्गजन्य रोग आहे, असेच बहुतेक डॉक्टर मानीत. जोसेफ गोल्डबर्गर यांनी मात्र तो निकृष्ट आहारातून येतो असे सांगितले आणि ते सिद्ध करण्यासाठी 1915 मध्ये मिसिसिपी राज्यातील रँकिन येथील तुरुंगाच्या शेतावरील बारा कैद्यांना मक्याच्या आहारावर ठेवले. मोबदला म्हणून गव्हर्नरांनी शिक्षामाफीचे वचन दिले होते. काही महिन्यांतच त्यांपैकी सहा जणांच्या अंगावर रोगाची लक्षणे उमटली. पुढे 1937 मध्ये कॉनरॅड एल्व्हेयेम यांनी निकोटिनिक आम्ल आणि त्याचे अमाइड यांनी कुत्र्यांमधील तशाच रोगाला उतार पडतो हे दाखविले. ते अमाइड म्हणजेच नायसिनामाइड.

या कथेचा एक धागा दख्खनपर्यंत येतो. हैदराबादच्या परिसरात मका न खाणाऱ्या, ज्वारीच्या भाकरीवर राहणाऱ्या माणसांनाही पेलाग्रा होत असे. ज्वारीत निकोटिनिक आम्लाचा तुटवडा नसताना असे का व्हावे? हैदराबादच्या पोषण संशोधनशाळेतील सी. गोपालन व एस. जी. श्रीकांतिया यांनी 1960 मध्ये, ज्वारीतील ल्यूसीन या द्रव्याचे आधिक्य त्याला कारण असावे, असे अनुमान मांडले. त्यावर पुढे बराच वाद झाला. परंतु त्वचेचे आरोग्य ताटावर ठरते ही गोष्ट हैदराबादेतून जगापुढे पुन्हा एकदा ठळकपणे मांडली गेली.

पोटातून अंगी लागणारे हे द्रव्य वरून लावले असता काय करते, हे पाहण्यास आणखी काही दशके लागली. त्वचेच्या खालच्या थरातील पेशी रंगद्रव्याचे कण तयार करून वरच्या पेशींना पोचवितात. नायसिनामाइड ही पोच कमी करते, असे 2002 मध्ये जपानी व अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिले. शिवाय त्वचेतील स्निग्धांश वाढवून तिचा बांध ते भक्कम करते. ते आम्ल नसल्याने चुणचुण थोडी होते. म्हणूनच तेलकट, कोरडी, हळवी अशा बहुतेक सर्व त्वचांना ते सोसते. शेकडा पाचच्या आसपासचे प्रमाण पुरेसे असताना दहा-वीसचे आकडे मिरविणाऱ्या कुप्या केवळ आकड्यांवर विकल्या जातात.

कैदखान्याचा संबंध येथेच संपत नाही. अ जीवनसत्त्वाचा शोध 1913 चा. त्यापासून होणारे रेटिनॉइक आम्ल मुरमांवर व पुढे सुरकुत्यांवर गुणकारी ठरले. त्याचे श्रेय पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील अल्बर्ट क्लिगमन यांना जाते. 1951 मध्ये फिलाडेल्फिया येथील होम्सबर्ग तुरुंगात पायांच्या बुरशीच्या साथीसाठी त्यांना बोलावण्यात आले. त्या दिवशी आपल्यासमोर एकरांनी पसरलेली कातडीच दिसली, असे त्यांनी 1966 मध्ये एका वृत्तपत्राला सांगितले. कैदी बहुतांश कृष्णवर्णीय होते, आणि पुष्कळांचा गुन्हा अद्याप शाबीतही झाला नव्हता. काही डॉलरांच्या मोबदल्यात त्यांच्या पाठीवर व दंडांवर औषधे, प्रसाधने आणि विषारी रसायनेही लावली गेली. हे प्रयोग 1974 पर्यंत चालले. मुरमांवरील रेटिनॉइक आम्लाचा निबंध 1969 मध्ये प्रसिद्ध झाला, 1971 मध्ये औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. फिलाडेल्फिया शहराने या प्रयोगांबद्दल क्षमा मागितली ती 2022 मध्ये. क्लिगमन 2010 मध्येच निवर्तले होते.

कुपीत मिळणारे रेटिनॉल हे त्या आम्लाचे सौम्य भावंड. त्वचेत शिरल्यावर दोन पायऱ्यांनी त्याचे आम्ल होते, म्हणून त्याची क्रिया मंद आणि दाह कमी. तरीही पहिले काही आठवडे साल निघते, त्वचा लालसर होते, ऊन सोसवत नाही. जाड, तेलकट, मुरमांच्या त्वचेला ते लवकर मानवते. कोरड्या त्वचेने ते आठवड्यातून दोनदा, रात्री, कणभर घेऊन सुरू करावे, आणि गर्भवती स्त्रीने तर त्यापासून दूरच राहावे.

फळे, ऊस व दूध यांतील आम्लांची वाटही फिलाडेल्फियातूनच जाते. युजीन व्हॅन स्कॉट व रुई यू यांनी 1974 मध्ये मत्स्यत्वचा नावाच्या, माशाच्या खवल्यांसारखी कातडी करणाऱ्या विकारावर या आम्लांचा उपयोग सांगितला. उसातील ग्लायकोलिक आम्ल पाण्यात विरघळते आणि वरच्या मृत पेशींचा सांधा सैल करते. विलो वृक्षाच्या सालीशी नाते सांगणारे सॅलिसिलिक आम्ल तेलात विरघळते, म्हणून ते तेलाने बुजलेल्या रंध्रांत उतरते. तेलकट, काळ्या पुटकुळ्यांच्या चेहऱ्याला दुसरे योग्य. कोरड्या चेहऱ्याला दुधातील लॅक्टिक आम्ल त्यातल्या त्यात सौम्य, आणि दह्याचे पाणी चेहऱ्याला लावणाऱ्या आजीबाईंच्या हाती तेच असे!

क जीवनसत्त्व हंगेरीच्या आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी सेगेद येथे लाल मिरच्यांतून भरपूर प्रमाणात काढले. त्यांना 1937 चे नोबेल पारितोषिक मिळाले. ते त्वचेत शिरण्यासाठी द्रव बराच आंबट असावा लागतो, हे ड्यूक विद्यापीठातील शेल्डन पिनेल यांच्या प्रयोगांनी स्पष्ट झाले. हळव्या त्वचेला ते झोंबते ते यामुळे. कुपीतील पाण्यासारखा द्रव तपकिरी झाला की द्रव्य हवेने मेले असे समजावे. हायल्युरॉनिक आम्ल 1934 मध्ये न्यूयॉर्क येथे कार्ल मेयर व जॉन पामर यांनी गुरांच्या डोळ्यांतील द्रवातून काढले. नावात आम्ल असले तरी ते झोंबत नाही, पाणी धरून ठेवते. पणजीच्या दमट हवेत ते एकटे पुरेसे होते. ग्वाल्हेरच्या कोरड्या उन्हाळ्यात मात्र ओलसर चेहऱ्यावर लावून वर स्निग्ध लेप द्यावा लागतो.

त्वचा कोरडी की तेलकट, एवढे पाहून भागत नाही. तिचा वर्णही पाहावा लागतो, आणि शास्त्राची नजर येथे बराच काळ एकांगी राहिली. हार्वर्ड विद्यापीठातील थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी 1975 मध्ये, उन्हाने त्वचा भाजते की रापते यावरून तिचे वर्ग पाडले. हे वर्ग चारच होते, आणि चारही गोऱ्या त्वचेचे. सावळ्या व काळ्या त्वचेसाठी पाचवा व सहावा वर्ग मागाहून जोडण्यात आला. सावळ्या त्वचेचा स्वभाव असा की, तिला दाह झाला की तो काळा डाग मागे ठेवून जातो. गोऱ्या चेहऱ्यावर चार दिवस लाली उठविणारे आम्ल सावळ्या चेहऱ्यावर चार महिन्यांचा डाग उठवू शकते. डाग घालविण्यासाठी आणलेल्या कुपीने डाग वाढला, ही तक्रार पुष्कळदा येथूनच उद्भवते.

रंग उतरविणाऱ्या द्रव्यांची गोष्ट याहून गंभीर आहे. 1939 मध्ये अमेरिकेतील एका कातडी कमावण्याच्या कारखान्यातील कामगारांच्या हातांवर पांढरे डाग पडल्याचे नोंदले गेले. त्यांच्या रबरी हातमोज्यांत हायड्रोक्विनोनच्या कुळातील एक रसायन होते. हायड्रोक्विनोन पुढे रंग उजळण्यासाठी सर्रास वापरात आले. दक्षिण आफ्रिकेत त्याच्या दीर्घ वापराने स्त्रियांच्या चेहऱ्यावर निळसर-काळी, न जाणारी छटा चढू लागली. तेथील जी. एच. फिंडले यांनी 1975 मध्ये त्याकडे लक्ष वेधले, आणि 1990 मध्ये त्या देशाने प्रसाधनांतून त्याला हद्दपार केले.

त्याच 1975 साली क्लिगमन व विलिस यांनी हायड्रोक्विनोन, रेटिनॉइक आम्ल आणि स्टेरॉइड अशा तिघांचे मिश्रण प्रसिद्ध केले. वांगावर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोडे आठवडे वापरण्याजोगे ते औषध आहे. भारतात मात्र ते रूप पालटून औषधांच्या दुकानांतून गोरेपणाचे मलम म्हणून विकले गेले. लग्न ठरलेल्या मुली ते लावीत, शेजारणी एकमेकींना सुचवीत. देशातील बारा केंद्रांतील त्वचारोगतज्ज्ञांनी 2926 रुग्णांची पाहणी केली, तेव्हा त्यांतील 433 जण चेहऱ्यावर स्टेरॉइडयुक्त मलम लावीत असल्याचे आढळले. ही पाहणी 2011 मध्ये प्रसिद्ध झाली. स्टेरॉइडने कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, केस व मुरूम येतात, आणि मलम थांबविताच चेहरा आगीसारखा फुलतो. म्हणून लावणारी ते पुन्हा लावते. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई केली. तरीही नळीवर स्टेरॉइडचे नाव बारीक अक्षरांत, इंग्रजीत छापलेले असते, आणि ती विकत घेणाऱ्या पुष्कळ जणींना ती अक्षरे वाचता येत नाहीत.