अंधाराची ओळख

माझा एक भाचा गेली कित्येक वर्षे अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात राहतो. मागच्या हिवाळ्यात त्याचे लांबलचक पत्र आले. हल्लीच्या रीतीप्रमाणे ते कागदावर नव्हे, फोनवर उमटले, एवढाच फरक. त्याच्या गावाबाहेर एक टेकडी आहे. ऑफिस सुटले की मुलांना घेऊन तो तिकडे जातो आणि विजेच्या दिव्यांच्या उजेडात रात्री नऊपर्यंत सारे बर्फावरून घसरतात. पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून सुसाट जाण्याचा हा स्कीइंगचा खेळ. शेवटी त्याने विचारले होते, "मामा, आपल्या लहानपणी आपल्याकडे असले काही का नव्हते?"

पत्र वाचून मी कुतूहलाने त्या टेकड्यांचा इतिहास शोधू लागलो. १९३४ च्या जानेवारीत त्याच राज्यातल्या वुडस्टॉक गावी एका शेतकऱ्याच्या कुरणात जुन्या फोर्ड गाडीच्या इंजिनावर दोर फिरवून माणसांना चढावर ओढून नेण्याची युक्ती निघाली. अमेरिकेतला असा तो पहिला दोर. मग गावोगावच्या उतारांवर तसले दोर फिरू लागले. दिवसा कामात गुंतलेल्यांसाठी पुढे कितीतरी ठिकाणी दिवे लागले. शाळामास्तर, कारकून, शेतकऱ्यांची पोरे असल्या ठेंगण्या टेकड्यांवर पडत-धडपडत शिकली. पुढे बर्फाचा भरवसा राहिला नाही, विम्याचा खर्च वाढला, मोठ्या डोंगरांवरच्या झगमगीत स्थळांनी गिऱ्हाईक ओढून नेले, आणि तिकडच्या शेकडो लहान टेकड्या बंद पडल्या. आपली टेकडी किती दिवस टिकेल, याची भाच्याला काळजी आहे.

आपल्या देशातही हा खेळ नवा नाही. गुलमर्गला इंग्रज अधिकाऱ्यांनी १९२७ साली स्की क्लब काढला होता. पण गुलमर्ग कुठे आणि चिंचवडच्या कारखान्यात पाळी करणारा मी कुठे! तरीही मी भाच्याला उत्तर लिहिले, "होते की! आपल्याकडेही होते. बर्फ तेवढा नव्हता, आणि दिवेही नव्हते." माझ्या मनात होता राजमाची.

मावळ आणि रात्र यांचे नाते जुने आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे मावळ्यांसह सिंहगडाचा कडा चढून गेले, हे पोरालाही ठाऊक असते. पण असा पराक्रम काही एका रात्रीत उगवत नाही. अंधारात पाय कुठे ठेवावा, हे ज्यांना रोजच्या वहिवाटीने कळते, त्यांनाच कडा चढता येतो. १६६१ च्या फेब्रुवारीत कारतलबखानाची फौज लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याच्या घाटाने कोकणात उतरली आणि उंबरखिंडीत कोंडली गेली. तिथेही तलवारीइतकेच काम वाटांच्या माहितीने केले. इतिहास लढाईची तारीख टिपून ठेवतो. त्यामागची रोजची पायपीट टिपून ठेवण्याची त्याला सवय नाही.

राजमाची हा त्या पायपिटीचाच किल्ला. बोरघाटाच्या तोंडावर तो उभा आहे. श्रीवर्धन आणि मनरंजन असे त्याचे दोन बालेकिल्ले, मधल्या खिंडीत भैरवनाथाचे देऊळ, माचीवर उधेवाडी नावाची लहानशी वस्ती. पायथ्याशी कोंडाण्याची बौद्ध लेणी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी बंदरांकडून देशावर येणारा माल या घाटवाटांनी चढत असे. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला आणि पहारा उठला. वस्ती मात्र राहिली. माचीवरची माणसे बाजाराला लोणावळ्यास जात आणि अंधार पडल्यावर परतत. त्यांच्या लेखी ते साहस नव्हते. घरी जाण्याचा रस्ता होता.

मग आगगाडी आली. १८५६ साली बोरघाटाचे काम सुरू झाले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये येथे येताच थोड्याच दिवसांत मरण पावला, आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ठेका पुरा करून दाखवला. भर कामाच्या दिवसांत चाळीस हजारांवर मजूर या घाटात राबत होते. पटकीने आणि अपघातांनी त्यांतले किती गेले, त्यांची नावे कोणी कोरून ठेवली नाहीत. १८६३ मध्ये घाट खुला झाला आणि लोणावळे-खंडाळे मुंबईच्या श्रीमंतांचे हवा खाण्याचे ठिकाण बनले. १९१५ मध्ये टाटांनी इथल्या तलावांचे पाणी सतराशे फूट खाली खोपोलीला सोडून वीज काढली. ती वीज मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. मौज अशी, की मुंबईची यंत्रे ज्या पाण्यावर फिरली, त्या पाण्याच्या काठचे डोंगर अंधारातच राहिले. त्या अंधाराचा असा उपयोग होईल, असे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नसेल.

मुंबईत १९५४ साली 'गिरिविहार' ही गिर्यारोहकांची संस्था निघाली. हळूहळू कॉलेजातली मुले, बँकांतले कारकून शनिवारी रात्री गाडी धरू लागले. कारण साधे होते. सुट्टी एकच, रविवारची. दिवसाचा प्रवास केला तर किल्ला पाहायचा कधी? म्हणून रात्री चालायचे आणि उजाडता माथा गाठायचा. १९७८ मध्ये पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली आणि आमच्यासारख्यांची सोय झाली. मळवलीला उतरले की लोहगड-विसापूर, लोणावळ्यास उतरले की राजमाची. वुडस्टॉकच्या दोराने तिकडे जे केले, ते इकडे लोकलच्या स्वस्त तिकिटाने केले.

१९७९ च्या ज्येष्ठातली गोष्ट. शनिवारची पाळी संपवून मी आणि दोन सोबती संध्याकाळच्या लोकलने निघालो. तुंगार्ली मागे पडली तसे लोणावळ्याचे दिवे झाडीआड गेले. पुढे पंधरा-सोळा किलोमीटर वाट. चंद्र नव्हता. माझ्या हातात नवी कोरी बॅटरी होती आणि तिच्या उजेडाच्या वाटोळ्यात मी जीव मुठीत धरून चालत होतो. वाटोळ्याबाहेर काय आहे ते दिसत नव्हते, म्हणूनच भीती वाटत होती. फणसराईच्या अलीकडे मागून एक म्हातारा आला. डोक्यावर तांदळाचे गाठोडे, पायांत काही नाही, हातात दिवा नाही. थोडा वेळ तो निमूट बरोबर चालला. मग म्हणाला, "बॅटरी बंद करा, पाव्हणं. डोळ्यांस्नी अंधाराची वळख होऊ द्या. वाट आपसूक दिसंल."

भीत भीत बटण दाबले. प्रथम काहीच दिसेना. डोळ्यांना अंधार पुरता सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात, हे शास्त्र मला पुढे कळले. त्या रात्री एवढेच कळले, की पायांखालची माती फिकी होत गेली, झाडांच्या कडा उमटल्या आणि डावे-उजवे सगळे रान आपापल्या जागी येऊन उभे राहिले. पुढच्या वळणावर काजव्यांनी झाडेच्या झाडे पेटली होती. सबंध झाड एकदम उजळे आणि एकदम विझे. म्हातारा थांबला नाही. त्याला त्याचे नवल नव्हते. आम्ही तिघे मात्र किती वेळ उभे होतो, सांगता येत नाही. त्या रात्री उधेवाडीत त्याच्याच पडवीत आम्ही घोंगड्यांवर निजलो.

मी काही मोठा गिर्यारोहक झालो नाही. पण अशाच शनिवारांतून मराठी गिर्यारोहण उभे राहिले, हे खरे. १९९८ मध्ये सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोहोचले, २०१२ मध्ये पुण्याच्या 'गिरिप्रेमी'ची मोठी नागरी तुकडी तेथे चढली. आपल्याकडे हिमालयाचे पहिले धडे सह्याद्रीच्या ठेंगण्या माथ्यांवरच गिरवले जातात.

आता संकट आले आहे ते मात्र भाच्याच्या टेकडीच्या उलट. तिकडे माणसे कमी पडली. इकडे ती उतू जात आहेत. काजव्यांच्या पंधरवड्यात गाड्यांची रांग लागते आणि त्यांचे प्रखर दिवे रानभर फिरतात. नर काजवा लुकलुकून मादीला खूण करतो आणि ती उत्तर देते. पंख फुटल्यावर त्यांचे आयुष्य जेमतेम काही आठवड्यांचे. आपल्या उजेडात ती खूण बुडाली, तर पुढच्या सालचे काजवे जन्मायचे कोठून? वाट चुकलेल्या, दरीत अडकलेल्या हौशी मंडळींना शोधायला लोणावळ्याच्या 'शिवदुर्ग मित्र'ची माणसे अपरात्री धावतात. तीही घरची कामेधामे असलेली माणसेच आहेत. २०२५ मध्ये लोहगडाला जागतिक वारशाचा मान मिळाला. राजमाचीचे नाव त्या यादीत नाही. त्याचा वारसा तटाबुरुजांइतकाच अंधाराचा आहे, आणि अंधार कोणत्या यादीत घालावा?

गेल्या डिसेंबरात भाचा मुलाला घेऊन आला. माझे गुडघे आता साथ देत नाहीत, म्हणून गाडीने फणसराईच्या पुढे गेलो आणि उरलेली वाट चालायचे ठरले. गाडी थांबताच पोराने फोनचा दिवा लावला. दिव्यांच्या टेकडीवर वाढलेले पोर ते! "बंद कर बाळ, डोळ्यांना अंधाराची ओळख होऊ दे," असे मी म्हणालो आणि माझ्या तोंडून कोण बोलले, ते माझे मला कळले.

त्याने दिवा मालवला, माझा हात घट्ट धरला. पाच-दहा मिनिटे आम्ही तसेच चाललो. मग त्याने हात हळूच सोडवून घेतला आणि तो पुढे झाला. वाट त्याला दिसू लागली होती. मी मागे, सावकाश, त्याच्या पावलांच्या आवाजावर चालत राहिलो.